बेडकाचा डोळा मेंदूला काय सांगतो?

डोळा म्हणजे कॅमेरा, असे आपण वर्गात सांगतो. भिंग आणि प्रतिमा समजावण्यापुरती ही उपमा चांगली आहे. पण दृष्टिपटल म्हणजे कॅमेऱ्यातील फिल्म, असे म्हणता येईल का? माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र जेमतेम १० लाख. म्हणजे वाटेत कुठेतरी निवड होत असली पाहिजे.

१८६६ साली माक्स शुल्ट्झे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की घुबडासारख्या निशाचरांच्या दृष्टिपटलात दंडाकार पेशींची दाटी असते, तर दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांत शंक्वाकार पेशी भरपूर असतात. पुढे स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी गॉल्जी यांची चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची पद्धत वापरून मासा, बेडूक, सरडा, पक्षी व सस्तन प्राणी यांची दृष्टिपटले तपासली. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून दिसले, की सर्वांत पेशींच्या थरांची मांडणी सारखीच आहे. पेशींचे आकार मात्र नाना तऱ्हेचे आहेत.

इतके प्रकार कशासाठी? १९३८ साली हार्टलाइन यांनी बेडकाच्या डोळ्यातून निघणाऱ्या एकेका तंतूतील विद्युत्-संदेश नोंदवले. काही तंतू दिवा लावताच बोलत, काही विझवल्यावर, तर काही दोन्ही वेळा! १९५३ साली कुफ्लर यांना मांजरात आढळले, की एकाच पेशीवर मध्यभागी पडलेला प्रकाश आणि भोवती पडलेला प्रकाश यांचे परिणाम परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे सरसकट उजेडापेक्षा उजेड-अंधारातील फरक ठळक होतो. १९५९ साली लेटविन व सहकाऱ्यांना बेडकात लहान, काळ्या, हलणाऱ्या ठिपक्याला प्रतिसाद देणारे तंतू सापडले. जणू किडा हेरणारेच! १९६३ साली बार्लो आणि हिल यांनी सशात हालचालीची दिशा ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या.

२०२३ साली १७ पृष्ठवंशीय प्रजातींची तुलना प्रसिद्ध झाली. पेशींचे मुख्य वर्ग सर्वांत समान, पण मेंदूला संदेश धाडणाऱ्या पेशींचे प्रकार प्रजातीगणिक बरेच बदलतात, असे तीत आढळले. बारीक अक्षरे वाचायला मदत करणाऱ्या ज्या पेशी आपल्या डोळ्यात बहुसंख्य आहेत, त्यांच्या भाऊबंद पेशी उंदरात अगदी थोड्या आहेत.

तेव्हा कॅमेऱ्याची उपमा भिंगापाशी थांबवावी आणि मुलांना विचारावे: समोर निश्चल बसलेल्या माशीवर बेडूक झडप का घालत नाही? पाहणे डोळ्यापासूनच सुरू होते, हे त्यातून त्यांना उमगेल.