अवकाशस्थानकातील दैनंदिन जीवन

अवकाशस्थानकातील दैनंदिन जीवन : पृथ्वीभोवतीच्या कक्षेत फिरणाऱ्या व दीर्घकाळ मानवी वास्तव्यास योग्य अशा रचनेस अवकाशस्थानक म्हणतात. अवकाशयानाचा मुख्य हेतू प्रवास, तर अवकाशस्थानकाचा वास्तव्य हा होय. त्यामुळे झोप, अन्न, पाणी, स्वच्छता, व्यायाम व विश्रांती या घरगुती बाबींना तेथे यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व येते. १९७१ पासूनचा अवकाशस्थानकांचा इतिहास हा बव्हंशी या बाबींची व्यवस्था लावण्याचा इतिहास आहे. ही व्यवस्था अनेक चुकांतून घडली आणि काही चुकांची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

परिस्थिती : सु. ४०० किमी. उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरील गुरुत्वाकर्षणाच्या सु. ९० टक्के असते. तथापि स्थानक व त्यातील माणसे पृथ्वीभोवती एकत्रच सतत पतन पावत असल्याने वजन जाणवत नाही. अशा अवस्थेत वर व खाली हा भेद उरत नाही, सांडलेले पाणी गोलकांच्या रूपाने तरंगते आणि तप्त हवा आपोआप वर जात नाही. स्थानकाची एक प्रदक्षिणा सु. ९० मिनिटांत पूर्ण होते. म्हणजे चोवीस तासांत सु. १६ सूर्योदय होतात. साहजिकच दिवसाची आखणी सूर्यावरून न करता घड्याळावरून करावी लागते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर त्यासाठी ग्रिनिच वेळ पाळतात.

प्रारंभीची स्थानके : पहिले अवकाशस्थानक सॅल्यूत-१ हे सोव्हिएट संघाने १९ एप्रिल १९७१ रोजी सोडले. सोयूझ-११ यानातून गेलेले दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह व पात्सायेव्ह हे त्याचे पहिले रहिवासी होत. चालपट्ट्यावर व्यायाम करणे, रोपे वाढविणे व खगोलीय निरीक्षणे घेणे असा त्यांचा दिनक्रम सु. तीन आठवडे चालला. ३० जून १९७१ रोजी परतताना यानाची एक झडप अकाली उघडली व आतील हवा निघून गेल्याने तिघेही मरण पावले. यानात दाबयुक्त पोशाखांसाठी जागा ठेवलेली नव्हती. यानंतर उड्डाणाच्या व परतीच्या वेळी असा पोशाख घालणे सक्तीचे झाले.

अमेरिकेचे स्कायलॅब हे स्थानक १४ मे १९७३ रोजी कक्षेत गेले. त्यात जेवणाचे मेज, खिडकी, स्वतंत्र शयनकक्ष व कापडी नळकांड्याचे स्नानगृह होते. तेथे तीन तुकड्यांनी अनुक्रमे २८, ५९ व ८४ दिवस वास्तव्य केले. दुसऱ्या तुकडीने अखेरीस गाठलेला कामाचा वेग तिसऱ्या तुकडीकडून आरंभापासूनच अपेक्षिण्यात आला. कार, गिब्सन व पोग हे तिघे त्यामुळे सतत मागे पडू लागले. जेवणाच्या व विश्रांतीच्या वेळाही कामात गेल्या. ३० डिसेंबर १९७३ रोजी त्यांनी भूनियंत्रकांशी याविषयी मोकळेपणाने चर्चा केली. पुढे किरकोळ कामे सवडीने करण्याची मुभा मिळाली, जेवण व संध्याकाळ मोकळी ठेवण्यात आली आणि काम वाढले. हा प्रसंग ‘अवकाशातील संप’ म्हणून रंगवून सांगितला जातो. परंतु प्रत्यक्षात काम बंद करण्यात आले नव्हते. विश्रांती हा कामाचाच भाग आहे, हा धडा मात्र त्यातून कायमचा मिळाला.

सॅल्यूत-७ व मिर : १९७८ पासून प्रोग्रेस मालवाहू याने सॅल्यूत-६ वर अन्न, पाणी, इंधन व पत्रे पोहोचवू लागली व वास्तव्याचा काळ महिन्यांत मोजता येऊ लागला. त्यानंतरच्या सॅल्यूत-७ वर ३ एप्रिल १९८४ रोजी निघालेले राकेश शर्मा हे अवकाशात जाणारे पहिले भारतीय होत. सु. आठ दिवसांच्या मोहिमेत त्यांनी भारताची बहुवर्णपटीय छायाचित्रे घेतली, पदार्थविज्ञानातील प्रयोग केले आणि वजनरहित अवस्थेत शरीराला होणाऱ्या त्रासावर योगासनांचा उपयोग होतो का, हे पडताळले. त्यांच्यासाठी म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने भारतीय पदार्थ तयार केले होते. १९८५ मध्ये सॅल्यूत-७ ची वीज पूर्णपणे बंद पडली. जानिबेकोव्ह व साविनिख यांनी गोठलेल्या स्थानकात लोकरी टोप्या घालून काम केले व ते पुन्हा चालू केले.

मिर (१९८६–२००१) या स्थानकावर वैद्य असलेल्या पोल्याकोव्ह यांनी १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस राहून दीर्घ वास्तव्यात माणूस कार्यक्षम राहू शकतो, हे दाखविले. मात्र २३ फेब्रुवारी १९९७ रोजी तेथे ऑक्सिजननिर्मितीच्या साधनाने पेट घेतला आणि २५ जून रोजी मालवाहू यान स्थानकावर आदळून एका कक्षातील हवा गळू लागली. कक्षाचे दार बंद करता येण्यासाठी त्यातून गेलेल्या केबली तोडाव्या लागल्या.

आंतरराष्ट्रीय स्थानकावरील दिनक्रम : या स्थानकावर २ नोव्हेंबर २००० पासून अखंड मानवी वस्ती आहे. अंतराळवीर सामान्यतः सकाळी सहाच्या सुमारास उठतात. भिंतीला बांधलेली शयनपिशवी हा त्यांचा बिछाना. तेथे पंख्याने हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड झोपलेल्याच्या तोंडाभोवतीच साठून राहतो. भूनियंत्रकांशी बैठक झाल्यावर प्रयोग, दुरुस्ती, सामानाची नोंद व व्यायाम यांत दिवस जातो. मिनिटांच्या हिशेबाने आखलेली कामे पडद्यावर दिसतात. स्थानकाबाहेर करावयाचे काम सहा-सात तास चालते व त्याची पूर्वतयारी अनेक दिवसांची असते. शनिवारी साफसफाई होते. कपडे धुण्याची सोय नसल्याने वापरलेले कपडे केरकचऱ्यासह मालवाहू यानात भरतात व ते यान वातावरणात जळून जाते. पावाचे कण यंत्रांत किंवा डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून पोळीसारखा पदार्थ खातात. मीठ व मिरी द्रवरूपात असतात.

पाण्याचा प्रश्न सर्वांत कठीण. घाम, उच्छ्‌वासातील बाष्प व मूत्र शुद्ध करून ते पुन्हा वापरतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत गेले. पाण्याच्या विद्युत् विश्लेषणाने ऑक्सिजन मिळवितात. याच्या उलट क्रियेने हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून वीज व पाणी देणारे इंधन-विद्युत् घट अमेरिकी अवकाशविमानांत असत व त्यांतील पाणी स्थानकांना पुरविले जाई. बंदिस्त वाहनात ऊर्जा मिळविण्याचा हाच मार्ग पाणबुड्यांनाही उपयोगी पडतो. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने त्यांसाठी असे घट विकसित केले आहेत.

शरीरावरील परिणाम : रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकल्याने चेहरा सुजल्यासारखा दिसतो. स्नायू क्षीण होतात. पुरेसा व्यायाम नसल्यास नितंबाच्या हाडांची घनता दरमहा १ ते १·५ टक्के घटते. म्हणून रोज सु. दोन तास व्यायाम आवश्यक असतो. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी स्थानकातील चालपट्ट्यावर बॉस्टन मॅरथॉनचे अंतर धावून पूर्ण केले. २०२४ मध्ये अल्प मुदतीसाठी गेल्या असता यानातील दोषांमुळे त्यांना २८६ दिवसांनी परतता आले. दरम्यान स्थानकाची नियमित कामे त्यांनी चालूच ठेवली.

भारतीय सहभाग : शुभांशु शुक्ला हे या स्थानकावर राहिलेले पहिले भारतीय होत. २६ जून ते १४ जुलै २०२५ या काळात त्यांनी मूग व मेथी यांचे अंकुरण, सूक्ष्मशैवले, स्नायूपेशी इ. विषयांवर प्रयोग केले. त्यांच्या शिदोरीत गाजराचा व मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१·६ अंशांचा कोन करीत असल्याने ते महाराष्ट्रावरूनही जाते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या दाट वस्तीच्या, दिव्यांनी उजळलेल्या शहरांतूनही अनुकूल पहाटे वा सायंकाळी ते न लुकलुकणाऱ्या तेजस्वी ताऱ्यासारखे काही मिनिटे सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. २०३० नंतर ते महासागरात उतरविण्याची योजना आहे. तेथे घडलेला दिनक्रम मात्र पुढील स्थानकांचा आधार ठरेल.