जिद्दीला व्यवस्थेची जोड
अमरावतीच्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांची कारकीर्द जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. पण ती आपल्या व्यवस्थेचाही इतिहास आहे. पॅरा जलतरणात त्यांच्या एस-११ या दृष्टिहीनांच्या गटात काळा गॉगल लावून पोहावं लागतं. भिंत जवळ आली की काठावरचा सहकारी काठीच्या मऊ टोकाने टपली मारतो, तेव्हा वळण साधतं. म्हणजे एकट्या जिद्दीवर इथे काहीच चालत नाही. जुलै २०१७ मध्ये बर्लिनच्या पॅरा जलतरण स्पर्धेवेळी सरकारी पैसे वेळेत न पोहोचल्याने त्यांना उसनवारी करावी लागली. तरी रौप्य मिळालं. डिसेंबरात मेक्सिकोच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मिडलेचं सुवर्णही आलं. मग अडचणींनी बिघडलं काय, असं कोणी विचारेल. पण जिंकलेली तेवढीच दिसते. पैशाअभावी घरी राहिलेल्या मुलींची नोंद कुठेच होत नाही. म्हणून स्पर्धेआधी निधी हाती पडणं हा खेळाडूचा हक्कच मानला पाहिजे.