घड्याळ बरोबर, समजूत चुकीची : बूटलोडरमधल्या एका आकड्याचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलेच, ‘सर, बूटलोडर आणि बसचं क्लॉक हा तुमचा प्रांत आहे का?’ नाही. पण आमचा एक जुना विद्यार्थी याच क्षेत्रात काम करतो. एकदा त्याच्याकडचे काही बोर्ड चालू होईनात. वीज दिली की पडद्यावर दोन-तीन ओळी येत आणि मेमरीच्या उल्लेखापाशी सगळे थांबे. गंमत म्हणजे त्याच खेपेतले काही बोर्ड सुरळीत चालत होते. त्यामुळे ठपका आला सोल्डरिंग करणाऱ्या मुलीवर. चार दिवसांनी कळले की, तिची काही चूक नव्हती. प्रोग्रॅममधला एक आकडा चुकला होता. ‘म्हणजे घड्याळ चुकलं?’ आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘नाही सर, घड्याळ बरोबर होतं. ते किती वेगानं चालतं, याबद्दलची आमची समजूत चुकीची होती.’

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. आजचे व्याख्यान त्यातून निघाले आहे.

आधी शब्द समजून घेऊ. बोर्डला वीज मिळाल्यावर, मोठी ऑपरेटिंग सिस्टीम येण्यापूर्वी, जो छोटा प्रोग्रॅम सगळी तयारी करतो तो बूटलोडर. चिपा एकमेकींशी ज्या सामायिक तारांवरून बोलतात ती बस. आणि त्या बोलण्याला ताल देणारा ठोका म्हणजे क्लॉक.

आपण ज्या बसबद्दल बोलणार आहोत, तिचे नाव आय-टू-सी. नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीने ती १९८२ साली आणली. दूरचित्रवाणी संचात चिपांची संख्या वाढत होती, आणि प्रत्येकीला वेगळ्या तारा द्यायच्या तर बोर्डवर तारांचे जंगल होत होते. फिलिप्सने दोनच तारा ठेवल्या. एकीवर माहिती, दुसरीवर ठोका. वेग ठरला सेकंदाला एक लाख ठोके, म्हणजे १०० किलोहर्ट्झ. पुढे १९९२ साली ४०० किलोहर्ट्झची सोय झाली, १९९८ साली ३.४ मेगाहर्ट्झची, आणि २००७ साली मधला १ मेगाहर्ट्झचा टप्पा आला. पण मूळचा १०० किलोहर्ट्झ कोणी मोडीत काढला नाही. तो आकडा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटणार आहे.

या तारांची रचना मोठी सभ्य आहे. तार वर खेचायचे काम एका रोधकाचे, म्हणजे रेझिस्टरचे. चिपांनी फक्त खाली ओढायचे. त्यामुळे एखादी चिप मागे पडली, तर तिने ठोक्याची तार खाली धरून ठेवायची. ती सोडेपर्यंत पुढचा ठोका होत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार, असे म्हणू हवे तर. मात्र हा अधिकार प्रत्येक चिप वापरत नाही. साध्या साठवणुकीच्या चिपा सहसा वापरत नाहीत. त्यांना झेपेल त्यापेक्षा भरभर विचारले, तर त्या चुकीचे उत्तर देतात किंवा गप्प बसतात.

आणि बूटलोडरला अशाच एका चिपेला सगळ्यात आधी विचारावे लागते! मेमरीच्या पट्टीवर एक इवलीशी चिप असते. पट्टी केवढी, तिचा वेग किती, ही माहिती तिच्यात असते. ती वाचल्याशिवाय मुख्य मेमरी सुरू करता येत नाही. आणि मेमरी सुरू नाही, म्हणजे मोठा प्रोग्रॅम ठेवायला जागा नाही. बूटलोडर तेवढ्यापुरता प्रोसेसरच्या कॅशमध्ये बिऱ्हाड मांडतो आणि या दोन तारांवरून प्रश्न विचारतो. तिथे ताल चुकला की पुढचे काहीच नाही. आमच्या विद्यार्थ्याचे बोर्ड अडले होते ते इथेच.

आता बूटलोडरचा इतिहास. माग्नुस डाम यांनी मोटोरोलाच्या पॉवरपीसी चिपांसाठी लिहिलेला ‘८xxरॉम’ हा प्रोग्रॅम जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी हाती घेतला आणि २००० साली ‘पीपीसीबूट’ या नावाने खुला केला. नाव बदलायचे कारण साधे होते. ज्या संकेतस्थळावर तो ठेवायचा, तिथे आकड्याने सुरू होणारे नाव चालत नव्हते. नोव्हेंबर २००२ मध्ये त्याचे ‘यू-बूट’ झाले. ‘यू’ म्हणजे युनिव्हर्सल. तोवर तो एकाच जातीच्या प्रोसेसरपुरता राहिला नव्हता.

आणि अडचण तिथेच सुरू होते. बसचा ठोका आकाशातून येत नाही. प्रोसेसरच्या आतल्या वेगवान घड्याळाला एका संख्येने भागून तो तयार होतो, आणि ती संख्या एका रजिस्टरमध्ये लिहावी लागते. पण आतले घड्याळ किती वेगाचे? फ्रीस्केलच्या ८५xx कुळातले उदाहरण घेऊ. त्यातल्या ८५४० या चिपेत आय-टू-सीला अंतर्गत बसचा पूर्ण वेग मिळतो. कुळातल्या बहुतेक चिपांत निम्मा मिळतो. आणि ८५४४ मध्ये निम्मा की एक तृतीयांश, हे वीज सुरू होतानाच्या एका जोडणीवर ठरते.

जरा हिशेब करू. अंतर्गत बस ४०० मेगाहर्ट्झ धरा. हवेत ४०० किलोहर्ट्झ. पूर्ण वेग मिळत असेल तर १००० ने भागायचे, निम्मा असेल तर ५०० ने, तृतीयांश असेल तर साधारण ३३३ ने. आता तृतीयांश समजून ३३३ लिहिले आणि प्रत्यक्षात निम्मा मिळाला, तर बस धावते ६०० किलोहर्ट्झने. मर्यादेच्या दीडपट. उलट बाजूने चुकलो, पूर्ण समजून १००० लिहिले आणि निम्मा मिळाला, तर २०० किलोहर्ट्झ. काम हळू होईल, पण होईल.

इथे आमचा जुना वर्ग आठवतो. न्यायदर्शनात शब्द आणि अर्थ यांचा संबंध ‘सामयिक’ मानला आहे. तिथे ‘समय’ म्हणजे वेळ नव्हे, समय म्हणजे संकेत, ठराव. मीमांसकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते हा संबंध मूळचाच, कोणी ठरवलेला नाही. रजिस्टरमधल्या आकड्याकडे पाहिले, तर नैयायिक बरोबर वाटतात. ३३३ ला स्वतःचा वेग नाही. भागले काय जाते आहे, हे ठाऊक असेल तरच त्याला अर्थ आहे. जुन्या बोर्डवरचा आकडा नव्यावर उचलून ठेवणारा माणूस नकळत मीमांसक होतो. आकड्यातच अर्थ आहे, असे तो समजतो.

यू-बूटमध्ये पुढे यावर दोन उपाय आले. पहिला असा की रजिस्टरचा आकडा माणसाने लिहायचाच नाही. माणसाने हवा तो वेग सांगायचा. आतले घड्याळ शोधणे आणि भागाकार करणे हे प्रोग्रॅमचे काम. भागाकार नेमका बसला नाही, तर मागितल्याहून कमी वेग घ्यायचा, जास्त कधीच नाही. दुसरा उपाय डिव्हाइस ट्रीचा. त्याचे मूळ ओपन फर्मवेअरमध्ये, ज्याचे प्रमाणक १९९४ साली झाले. बोर्डवर काय आहे याचे वर्णन प्रोग्रॅमबाहेर, वेगळ्या दस्तऐवजात ठेवायचे. बसचा वेगही त्यातच. बूटलोडरला जे घड्याळ आढळले, ते या दस्तऐवजात नोंदवून तो पुढे लिनक्सच्या हाती देतो, म्हणजे दोघांची समजूत एकच राहते. आणि दस्तऐवजात आय-टू-सीचा वेग लिहिलाच नसेल तर? आजचा यू-बूट १०० किलोहर्ट्झ धरतो. १९८२चा आकडा! काही ठरलेले नसेल, तर जो सगळ्यांना झेपतो तो ताल.

आता त्या मुलीकडे येऊ. बस पूर्ण बंद पडली असती, तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. पण दीडपट वेगानेही काही चिपा उत्तर देतात, काही देत नाहीत. काही बोर्ड चालतात आणि मग शंका आकड्यावर जात नाही, माणसावर जाते. ठराव कुठेही लिहिलेला नव्हता, तो मोडला आहे हे कोणाला कळणार? आमच्या विद्यार्थ्याने नंतर दोन गोष्टी केल्या. तिच्याकडे जाऊन सर्वांसमोर माफी मागितली. आणि त्या आकड्याच्या जागी हवा तो वेग लिहिला, शेजारी तो का निवडला याची एक ओळ लिहिली.

ती ओळ यंत्र वाचत नाही. ती पुढच्या माणसासाठी आहे. इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.