हेन्ली स्ट्रीटवरची खिडकी

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावी, हेन्ली स्ट्रीटवर शेक्सपिअरचं जन्मघर आहे. माडीवरच्या खोलीची जुनी खिडकी आता काढून काचेआड मांडली आहे. लहान लहान तावदानं, त्यांवर नुसते ओरखडे. जवळ गेलं की ओरखड्यांची नावं होतात. कुठं वॉल्टर स्कॉट, कुठं कार्लाइल, कुठं नट हेन्री आयर्विंग. गडाच्या बुरुजावर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो. इथं तोच उद्योग लोक तिकीट काढून पाहतात.

खरं तर जपायला हवं होतं ते दुसरंच घर. नाटकांतून पैसा मिळाल्यावर शेक्सपिअरनं 1597 मध्ये 'न्यू प्लेस' हा वाडा घेतला आणि 1616 मध्ये तिथंच देह ठेवला. पुढं तो वाडा नव्यानं बांधला गेला आणि गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याकडे आला. अंगणातलं तुतीचं झाड शेक्सपिअरनं लावलं, अशी ख्याती. ते पाहायला येणाऱ्यांना कंटाळून पाद्र्यानं 1756 मध्ये झाडच तोडलं. पुढं करावरून गावाशी भांडण झालं, तेव्हा 1759 मध्ये वाडाही जमीनदोस्त केला. तुतीच्या लाकडाच्या डब्या मात्र पुढं वर्षानुवर्षं खपत राहिल्या.

हेन्ली स्ट्रीटवरचं घर शेक्सपिअरच्या बापाचं. बाप हातमोजे शिवणारा. नंतर अर्ध्या घरात खाणावळवजा दारूचा गुत्ता चालला. बहिणीच्या वंशजांकडं उरलेल्या भागात खाटकाचं दुकानही निघालं. 1769 मध्ये गॅरिक या नटानं गावात शेक्सपिअरचा उत्सव भरवला आणि यात्रेकरूंची रीघ वाढली. 1786 मध्ये ॲडम्स आणि जेफरसन, म्हणजे अमेरिकेचे दोन भावी अध्यक्ष, आले. त्यांनी 'शेक्सपिअरच्या खुर्ची'चा कपचा रिवाजाप्रमाणं काढून घेतला.

घर दाखवून पैसे घेणारी भाडेकरीण होती मेरी हॉर्नबी. 1820 मध्ये जागा सोडावी लागली तेव्हा तिनं भिंतींवरच्या सह्यांवर चुना फासला, 'अवशेष' उचलले आणि दुसरीकडं आपलं वेगळं प्रदर्शन थाटलं. काचेवरच्या नावांना चुना लागला नाही.

1847 मध्ये घर लिलावात निघालं. बार्नम हा अमेरिकन खेळवाला ते उचलून समुद्रापार नेणार, अशी आवई उठली. वर्गणी जमली, डिकन्सही त्या खटपटीत होता. 3,000 पौंडांना घर लोकांचं झालं. आगीच्या भीतीनं शेजारची घरं पाडली आणि 1769 च्या एका चित्रावरून याला जुनं रूप दिलं. आज आपण पाहतो ते घराचं रूप बरंचसं त्या डागडुजीचं.

यात्रेकरूंच्या त्रासानं झाड गेलं, कराच्या भांडणात एक घर गेलं, आणि यात्रेकरूंच्याच हव्यासानं दुसरं तगलं. न्यू प्लेसच्या जागी आज बाग आहे.