तानसाकांठचीं उन्हाळीं

जमिनींतून आपोआप कढत निघणाऱ्या पाण्यास कोंकणांत 'उन्हाळें' म्हणतात. हा शब्द धरून नकाशा पाहिला, तर दापोलीकडे उन्हवरें, पालीजवळ उन्हेरें, राजापुराशेजारीं उन्हाळें, आणि सह्याद्रि ओलांडून खानदेशांत उतरलें कीं उनपदेव, अशीं नांवें सांपडतात. या ठिकाणांस पाण्यानेंच नांव दिलें. ठाण्याच्या बाजूस मात्र हें उलट झालें आहे. तेथें तानसा नदीच्या कांठीं अकलोली व गणेशपुरी येथें कढत पाण्याचे झरे आहेत. परंतु तो सारा टापू लोकांस ठाऊक आहे तो वज्रेश्वरीच्या नांवानें. पाणी मागें पडून देवी पुढें कां आली, याचें कारण वसईच्या मोहिमेंत आहे.

गेल्या पौषांत आम्ही सातआठ स्नेही शिरसाड फाट्यापासून पायींच तिकडे गेलों. मोटारीनें हा रस्ता घटकाभराचा. परंतु तुंगारेश्वराचा डोंगर उजव्या हातास ठेवून पारोळ, उसगांव अशीं गांवें मागें टाकीत चाललें म्हणजे एक गोष्ट पायांस कळते: समुद्रकांठची वसई आणि आंतलीं हीं कुंडें यांत फार तर एका दिवसाची मजल आहे. इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती पुढें दोनशें वर्षें त्यांच्याच हातीं राहिली. त्या अमदानींत या प्रांतांतील देवळांची जी वाताहत झाली, तींत वज्रेश्वरीचें मूळचें ठाणें गुंज येथून हललें व देवी तानसाकांठीं वडवलीस आली, अशी परंपरा आहे.

इ. स. १७३७ त मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. वसईचा वेढा मात्र १७३९ च्या मेपर्यंत लांबला. याच मोहिमेंत चिमाजी आप्पानें देवीस नवस केला कीं, वसई हातीं आली तर तुझें देऊळ किल्ल्यासारखें बांधीन. वसई आली आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडून देऊळ उभें राहिलें, असें सांगतात. बुटक्या टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्या आणि भोंवतालची भक्कम भिंत पाहिली म्हणजे बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तट आणि बुरूज होते, हें कोणासही पटावें.

येथें आमच्या मंडळींत वाद माजला. एकाचें म्हणणें, नवसाची गोष्ट मागाहून रचलेली. वसई पडली ती सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाखालीं पेरलेल्या सुरुंगांनीं. दुसऱ्यास हें बोलणें पाखंडाचें वाटलें. माझ्या मतें दोघेही घाई करीत होते. वसई नवसानें पडली असें म्हणणें हा त्या खिंडारांत मेलेल्या मराठ्यांवर उघड अन्याय आहे. त्यांची गणती हजारांत होती. परंतु तेवढ्यावरून नवस खोटा ठरत नाहीं. ज्या राज्यांत देवळें पाडलीं गेलीं तें राज्य घेणाऱ्या सेनापतीनें पहिली इच्छा देऊळ उभारण्याची धरावी, यांत नवल कसलें? शिवाय याच विजेत्यानें पाडाव झालेल्या शिबंदीस हत्यारें व बायकामुलें घेऊन जाऊं दिलें, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्म पाळण्याची मोकळीक कबूल केली. माझ्या हिशेबीं या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवूनच वाचाव्या. चिमाजी प्रकृतीनें मुळचाच नाजूक. तो १७४० च्या डिसेंबरांत वारला. देवळाचें वैभव पाहावयास तो उरला नाहीं.

असो. कुंडें देवळाहून फार जुनीं. देवीनें मारलेल्या दैत्यांचें रक्त म्हणजेच हें कढत पाणी, असें भाविक सांगतात. भूशास्त्राची कथा याहून शांत आहे. कोंकणांतील काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला, तो साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच निवाला. तेव्हां हें पाणी ज्वालामुखीचें नव्हे. पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतें, दर किलोमीटरास पंचवीसतीस अंश या मानानें तापतें, आणि एखादी मोकळी भेग सांपडली म्हणजे निवण्यापूर्वींच वर येतें. उत्तर कोंकणापासून राजापुरापर्यंत हे झरे समुद्राला समांतर अशा ओळींत लागतात, त्याचें कारण या भेगाच. टॉमस ओल्डहॅम यानें हिंदुस्थानांतील तीनशेंच्या सुमारास अशा झऱ्यांची यादी केली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८८२ त त्याच्या मुलानें प्रसिद्ध केली. हाच मुलगा पुढें पृथ्वीच्या गाभ्याचा शोध लावून बापाहून मोठा झाला.

अकलोलीस एक म्हातारी गुडघ्यांपर्यंत पाण्यांत बसली होती. आमच्यांतील डॉक्टरांनीं विचारलें, "आजी, गुण येतो का हो?" ती म्हणाली, "गुण येवो न येवो बाबा, पाणी ऊन आहे, बरं वाटतं." डॉक्टर मुकाट्यानें तिच्या शेजारीं जाऊन बसले. उष्णतेनें आंखडलेले सांधे मोकळे होतात, एवढें वैद्यकही कबूल करतें. त्यापलीकडचे त्वचारोगापासून वातापर्यंतचे दावे मी तरी सोडून देईन.

मला अधिक टोंचलें तें निराळेंच. सुभेदारांचीं नांवें इतिहासानें जपलीं, परंतु शेंकडों वर्षें या कुंडांत हातपाय शेंकणाऱ्या वारली, आगरी, कोळी बायाबापड्यांची नोंद कोणीं केली नाहीं. पाणी मोफत होतें आणि आडोसा नव्हता, म्हणून तें त्यांचें होतें. आज कांहीं कुंडांस चिरेबंदी कांठ आला आहे. साबणाचा फेंस व निर्माल्य हीं त्याबरोबरच आलीं. आसपास भाड्याच्या खोल्यांत नळानें कढत पाणी घेण्याची सोय आहे. सोयीस माझी हरकत नाहीं. परंतु झऱ्याचें पाणी मोजकें असतें, आणि खोल्या वाढतील तसतसें त्या म्हातारीच्या वांट्यास काय उरेल, हा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे. याच तानसेचें थंड पाणी १८९२ त धरण बांधून मुंबईस नेलें गेलें.

परततांना आम्ही नदीच्या पात्रांतून गेलों. तेथें वाळूंतून बुडबुडे येत होते. हात घातला तर भाजे, आणि वीतभर बाजूस पाणी थंडगार. पावसाळ्यांत हे पात्रांतले झरे पुराखालीं जातात व पाणी ओसरल्यावर पुन्हा दिसूं लागतात. एका पोरानें तेथें दगडांचें कडें रचून आपल्यापुरतें कुंड केलें होतें व तो त्यांत पाय सोडून बसला होता.