नोकरीच्या कागदावरचे ‘कुटुंब’

जुन्या पिढीतला मराठी माणूस ‘आमचे कुटुंब’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘आमची पत्नी’ असा होई. नोकरीच्या कागदांवर हा शब्द आला तो याच अर्थाच्या आसपास राहून. पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील, म्हणजे कुटुंब. पगार माणसाच्या एकट्याच्या नावावर निघतो. पण प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखान्याचा खर्च, निवृत्तिवेतन आणि मुलाबाळांसाठीची रजा या गोष्टी कुटुंबाच्या नात्याने ठरतात. म्हणूनच समलिंगी कर्मचाऱ्यांच्या नोकरीतील हक्कांचा इतिहास हा बराचसा या एका शब्दाच्या व्याख्येचा इतिहास आहे.

तो समजून घ्यायला आमचा मुळशी तालुका सोयीचा आहे. पश्चिमेच्या कडेला ताम्हिणी, विंझाई देवीचे ठाणे आणि खाली कोकणात उतरणारा घाट. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी आणि तिथले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान. या दोहोंच्या मध्ये टाटांचे धरण, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुळशीकराला टाटा हे नाव आठवते ते पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांमुळे. कामगार कल्याणाच्या इतिहासात मात्र हेच नाव दुसऱ्या कारणाने येते.

आधी कंपनी, मग कायदा

जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला. १९२० साली प्रॉव्हिडंट फंड आणि पगारी रजा आली, १९२८ साली बाळंतपणाची सवलत आणि १९३७ साली निवृत्तीच्या वेळची ग्रॅच्युइटी. देशाचे कायदे या मागून आले. कारखाने कायदा १९४८चा, प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२चा, मातृत्व लाभाचा देशव्यापी कायदा १९६१चा आणि ग्रॅच्युइटीचा १९७२चा.

मात्र कंपनीने एखादी सवलत दिली म्हणून कायदा आपोआप होत नाही. मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा १९२९ साली झाला, त्याआधी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात असे विधेयक आणून पाहिले होते आणि १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या विधेयकाची बाजू मांडली होती. चांगल्या मालकाची रीत आणि सर्वांचा हक्क यांच्यामध्ये कोणीतरी भांडावे लागते. समलिंगी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आपण आज नेमके या मधल्या टप्प्यावर उभे आहोत.

एका मराठी प्राध्यापकाची गोष्ट

कंपनीची रीत नसेल आणि कायदाही अर्धवट असेल तर काय होते, हे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या वाट्याला आले. ते मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता.

८ फेब्रुवारी २०१०च्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. दुसऱ्या दिवशी निलंबन झाले ते सिरस यांचे. घर विद्यापीठाच्या मालकीचे होते, त्यामुळे तेही सोडण्याचा हुकूम निघाला. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले.

तारखांचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले ते २ जुलै २००९ रोजी. सिरस यांचे निलंबन त्यानंतर सात महिन्यांनी झाले. म्हणजे गुन्हा हा शब्द न्यायालयाने खोडला होता, तरी ‘गैरवर्तन’ हा शब्द नोकरीच्या नियमांत होता आणि घराची किल्ली मालकाच्या हातात होती. ज्याच्या नोकरीवर राहते घर अवलंबून असते, त्याला फौजदारी कायद्यातली सुटका पुरत नाही.

हिंजवडीची वाट

खासगी क्षेत्रात हा विषय आला तो बऱ्याच अंशी संगणकाच्या धंद्याबरोबर. आयबीएमने १९८४ साली समान संधीच्या नियमात लैंगिक कलाचा समावेश केला. लोटस या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने १९९१ साली समलिंगी जोडीदारांना विम्याचे लाभ दिले. इकडे मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले, १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला आणि २००२ साली पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. नोकरीतल्या लाभांविषयी बोलण्याआधी माणसांना एकमेकांना भेटता येणे गरजेचे होते आणि ते काम या मंडळींनी केले.

हिंजवडीत मोठा पसारा असलेल्या इन्फोसिसमध्ये २०११ साली ‘इग्लू’ हा समलिंगी कर्मचाऱ्यांचा गट स्थापन झाला. पण ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि हीच माणसे पुन्हा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरली. ६ सप्टेंबर २०१८च्या नवतेज सिंग जोहर निकालाने तो प्रश्न संपवला. त्यानंतर कंपन्यांच्या धोरणांना वेग आला. गोदरेजने त्याच वर्षी तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत कसे सामावून घ्यावे याचा जाहीरनामा काढला. टाटा स्टीलने २०१९च्या अखेरीस समलिंगी जोडीदाराची नोंद करण्याची सोय केली आणि वैद्यकीय तपासणी, दत्तक रजा, बालसंगोपन रजा असे लाभ त्याला जोडले. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲक्सिस बँकेने कर्मचाऱ्याला मेडिक्लेममध्ये जोडीदाराचे नाव घालण्याची मुभा दिली, मग तो जोडीदार कोणत्याही लिंगाचा असो. १९१२ पासूनची जुनी चाल पुन्हा दिसली. आधी कंपनी.

जिथे कंपनीचा हात पोचत नाही

पण कंपनीला काय बदलता येते आणि काय नाही, हे नीट पाहिले पाहिजे. ग्रुप मेडिक्लेम हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो. त्यात ‘पती-पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ लिहिता येते. रजा हा कंपनीचा स्वतःचा नियम असतो. तोही बदलता येतो.

प्रॉव्हिडंट फंडाचे तसे नाही. त्याच्या योजनेत कुटुंबाची व्याख्या सरकारने लिहिली आहे. कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. ग्रॅच्युइटीच्या १९७२च्या कायद्याने तर कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नाव दिल्यास ते नामनिर्देशन रद्दबातल ठरवले. अवलंबून असलेले आईवडील या व्याख्येत येतात, वीस वर्षे एका छपराखाली राहिलेला जोडीदार येत नाही. अविवाहित, निपुत्रिक कर्मचाऱ्याला तो नाव देऊ शकतो, पण कधी? म्हाताऱ्या आईवडिलांपैकी कोणीही त्याच्यावर अवलंबून नसेल तेव्हा. आईला सांभाळणाऱ्या मुलालाच हा नियम आडवा येतो.

त्याहून मोठी दरी पगाराची आहे. हिंजवडीतल्या इंजिनिअरला कंपनीचा मेडिक्लेम असतो. त्याच इमारतीत पहारा देणारा, झाडलोट करणारा, कँटीनमध्ये राबणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. ताम्हिणी-पौड भागातला मुलगा हिंजवडीत नोकरीला लागतो तो पुष्कळदा याच दारातून. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू होते आणि तिथे कुटुंब म्हणजे काय हे कायदा सांगतो. आयटी कंपनीचे धोरण कितीही उदार असो, तिच्या फाटकावरच्या समलिंगी रखवालदाराच्या ईएसआय कार्डावर जोडीदाराचे नाव चढत नाही.

धोरण असूनही ते वापरणे सोपे नाही. जोडीदाराचे नाव घालायचे तर एचआरला सांगावे लागते आणि एकदा कागदावर गेलेली गोष्ट किती टेबलांवरून फिरेल याचा भरवसा नसतो. ती गावापर्यंत पोचली तर, ही भीती खरी असते. शिवाय लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव करू नये असे खासगी मालकाला स्पष्ट बजावणारा केंद्रीय कायदा अजून नाही. २०१९चा कायदा तृतीयपंथी व्यक्तींना हे संरक्षण देतो, समलिंगी व्यक्तींना देत नाही. सरकारी सेवेत घटनेचा आधार घेता येतो. समलिंगी संबंधांच्या चित्रफितीवरून २०१९ साली काढून टाकलेल्या उत्तर प्रदेशातील एका होमगार्डला अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये परत घ्यायला लावले. खासगी नोकराला ही वाट जवळजवळ बंद आहे.

व्याख्येची दुरुस्ती

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. या निकालाची बातमी तेवढीच झाली. पण न्या. रवींद्र भट यांच्या निकालपत्रात प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय यांसारखे कष्टाने मिळवलेले लाभ जोडीदाराला नाकारले जातात, याची दखल घेतलेली आहे आणि सरकारने समिती नेमून यावर विचार करावा असे म्हटले आहे. एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने संयुक्त बँक खाते आणि त्यावरील नॉमिनीबाबत कोणतेही बंधन नसल्याचे स्पष्ट केले. रेशनकार्डावर अशा जोडीदारांना एकाच घरातले मानावे, अशीही सूचना राज्यांना गेली.

रेशनकार्ड आणि बँक पासबुक यांवर जे चालते ते पीएफच्या अर्जावर का चालू नये? त्यासाठी विवाहाचा कायदा बदलण्याची गरज नाही. योजनेतल्या व्याख्येत एक शब्द वाढवला, किंवा सभासदाला आपल्या पैशाचा नॉमिनी स्वतः निवडू दिला, तरी भागते. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे सारे कायदे एकत्र आणले गेले तेव्हा ती संधी होती. व्याख्या मात्र पती-पत्नीभोवतीच राहिली.

पीएफ ही कोणाची कृपा नव्हे. तो कामगाराच्या स्वतःच्या पगारातून दरमहा कापलेला आणि मालकाने त्याच्या कामापोटी भरलेला पैसा आहे. आपल्या मागे तो कोणाच्या हाती जावा, हे सांगण्याचा अधिकार ज्याने घाम गाळला त्याचाच असला पाहिजे.