पुढे न ओढलेली शिल्लक: सिंगापूरच्या मुली, फुटबॉल आणि फुटसाल



"लेक प्रायमरी सिक्सला गेली, पीएसएलई आहे, खेळ बंद करू का?" हा प्रश्न आपल्यात दरवर्षी येतोच. मी सीए, कोच नाही. पण जुने हिशेब काढून बघायची सवय आहे, म्हणून आज थोडा इतिहास सांगते. निर्णय तुमचा.

1975 साली हाँगकाँगला बायकांची पहिली आशियाई फुटबॉल स्पर्धा झाली. संघ फक्त सहा, आणि त्यात सिंगापूर होतं. 1977 ला याच स्पर्धेत आपलं हे इवलंसं शहर तिसरं आलं! फिफाचा महिलांचा पहिला वर्ल्ड कप 1991 चा, म्हणजे जग जागं व्हायच्या चौदा वर्षं आधी इथल्या मुली आशियात खेळत होत्या. 1985 च्या सी गेम्समध्ये रौप्यही मिळालं. संघ तीनच होते, हे खरं.

मग ती शिल्लक गेली कुठे? पुढच्या पानावर कुणी ओढलीच नाही. सी गेम्समध्ये कुठले खेळ ठेवायचे यात यजमान देशाचा शब्द मोठा असतो, आणि बायकांचं फुटबॉल कधी असायचं, कधी नसायचं. 2015 ला स्पर्धा आपल्या घरी, सिंगापुरात झाली. पुरुषांचं फुटबॉल होतं, बायकांचं नव्हतं. मे 2022 मध्ये व्हिएतनामला लाओसवर 1-0 असा विजय मिळाला, तेव्हा तो सी गेम्समधला 37 वर्षांतला पहिला विजय ठरला. मुलींमध्ये दम नव्हता असं नाही हो, सलग सामनेच नव्हते.

आता फुटसालकडे या. 1930 मध्ये माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने हा खेळ बसवला. पाच-पाच खेळाडू, साधारण 40 बाय 20 मीटरचं कोर्ट, कमी उसळणारा चेंडू. जागा कमी, त्यामुळे प्रत्येकीच्या पायाशी चेंडू सारखा येतो आणि निर्णय झटपट घ्यावा लागतो. इथेही हिशेब तोच: पुरुषांचा फिफा फुटसाल वर्ल्ड कप 1989 ला, बायकांचा पहिला 2025 ला, फिलिपिन्समध्ये. मधे 36 वर्षं! भारताच्या मुलींचा राष्ट्रीय फुटसाल संघही आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो जानेवारी 2025 मध्ये.

पण इराण बघा. 1979 च्या क्रांतीनंतर तिथे मुलींचं मैदानी फुटबॉल जवळजवळ थांबलं. त्या बंदिस्त हॉलमध्ये, फक्त बायका प्रेक्षक असताना, फुटसाल खेळत राहिल्या. 2015 आणि 2018, दोन्ही आशियाई विजेतेपदं त्यांचीच. मैदान मिळालं नाही तरी खाणं-पिणं, अभ्यास, घर सांभाळून खेळ चालू ठेवला, त्याचं हे फळ.

सिंगापुरात जमीन कमी, पण एचडीबीच्या ब्लॉकखाली स्ट्रीट सॉकर कोर्ट आहेत. म्हणजे हा खेळ आपल्या दारातला आहे. कोविडनंतर 2022 मध्ये विमेन्स प्रीमियर लीग परत सुरू झाली. 2023 मध्ये डॅनेल टॅन जर्मनीत बोरुसिया डॉर्टमंडच्या महिला संघात गेली. म्हणजे आता वाट आहे. वाटेवर चालणाऱ्या मुली मात्र बारा वर्षांच्या होऊन घरी बसल्या, तर संघ कशातून उभा राहणार?

माझी विनंती एवढीच. परीक्षेच्या वर्षी तास कमी करा, आठवड्याला एकच ठेवा, पण खातं बंद करू नका. बंद केलेलं खातं परत उघडायला फार वर्षं लागतात, हे वरच्या आकड्यांनी दाखवलंय. आणि तुमच्या ब्लॉकखालच्या कोर्टवर संध्याकाळी फक्त मुलगेच दिसत असतील, तर चार आयांनी मिळून मुलींसाठी एक वार ठरवा. कोण येतंय बरोबर? खाली आपला भाग लिहा.